लाल पूररेषेतला प्लॉट घ्यावा का? इसार देण्याआधी एक आकडा काढून घ्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत कृष्णेपासून साधारण चारशे मीटरवर चार गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट बघितला आहे. आई-वडिलांसाठी तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचं आहे. एजंट म्हणतो, "निळी रेषा फक्त मागच्या कोपऱ्याला चाटून जाते, बाकी सगळं लालमध्ये. लालमध्ये परवानगी मिळते. २०१९ लासुद्धा इथं गुडघाभरच पाणी होतं." सौदा करावा का, आणि परवानग्या कोणकोणत्या लागतील?

मी या पट्ट्यात बरीच वर्षं नकाशे मंजूर करून घेण्याचं आणि घरं उभी करण्याचं काम करतो. एजंटच्या बोलण्यातली दोन वाक्यं खरी असू शकतात. तिसऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. आणि तिन्ही वाक्यांत जो आकडा नाही, त्याच्यावरच तुमचं घर अवलंबून आहे.

"नदीपासून चारशे मीटर" याला पूररेषेच्या हिशोबात जवळजवळ काही अर्थ नाही. पूररेषा म्हणजे नदीपासून मोजलेलं अंतर नाही, ती पाण्याची उंची आहे. ठरावीक पूर आला तर पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत चढेल, हे आधी काढतात. मग ती उंची जमिनीला जिथं जिथं टेकते तिथून नकाशावर रेघ ओढतात. काठ उभा असेल तर ही रेघ नदीपासून तीस मीटरवर थांबते, आणि सपाट काळ्या रानात ती किलोमीटरभर आत जाते. त्यामुळे एकाच रस्त्यावर समोरासमोरचे दोन प्लॉट, एक रेषेत आणि एक बाहेर, असं सर्रास दिसतं.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वरच्या बाजूला धरण असेल तर त्याचा विसर्ग आणि धरणाखालच्या पाणलोटाचं पाणीही हिशोबात येतं. "शंभर वर्षांतून एकदा" हे ऐकून लोक निवांत होतात, कारण २०१९ ला येऊन गेला म्हणजे आता २११९ पर्यंत सुट्टी, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तेवढा पूर निदान एकदा बघायची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. निळ्या रेषेचा पूर तीस वर्षांत बघण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. आणि पावसाचा हिशोब जुन्या नोंदींवरून केलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

आता नियम. पूरमैदानाच्या वापराबद्दल केंद्रानं १९७५ मध्ये नमुना विधेयक राज्यांना पाठवलं होतं. महाराष्ट्रानं त्यावर वेगळा कायदा केला नाही. आपल्याकडे पाटबंधारे खात्याचं १९८९ चं परिपत्रक आलं, पुढे २०१८ मध्ये जलसंपदा विभागाचं नवं परिपत्रक निघालं, आणि बांधकामापुरतं बोलायचं तर डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. नगररचनेच्या ऑफिसात सगळे तिला 'युडीसीपीआर' म्हणतात. तुमच्या कामाचा मजकूर तिच्यात जेमतेम अर्ध्या पानाचा आहे.

नदीच्या काठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं बाग, हिरवळ, पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय अशा वापरांना जागा आहे, घराला नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर. एजंट "लालमध्ये परवानगी मिळते" म्हणतो ते इथवर बरोबर आहे. वाक्याचा उरलेला अर्धा भाग तो सांगत नाही.

तुमच्या प्लॉटला उपयोगाची आणखी एक तरतूद आहे. रहिवासासारख्या विकसनयोग्य झोनमधल्या प्लॉटचा काही भाग पूररेषेत जात असेल, तर त्या भागाचा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात जेवढं बांधता येतं ते) उरलेल्या जागेवर वापरता येऊ शकतो. म्हणजे मागचा कोपरा निळ्यात गेला तरी तिथलं क्षेत्र अगदीच फुकट जात नाही. चार गुंठे म्हणजे ४०५ चौरस मीटरच्या आसपास, आणि तुम्हाला बांधायचंय ते एका कुटुंबाचं घर. त्यामुळे एफएसआय कमी पडेल असं मला वाटत नाही. अडचण होईल ती उंचीची.

तेव्हा तो आकडा काढू. आमच्या भाषेत आरएल म्हणतात, समुद्रसपाटीपासूनची पातळी. तुम्हाला दोन आरएल हव्यात: प्लॉटसमोरच्या लाल रेषेची आणि प्लॉटच्या जमिनीची. समजा (आकडे निव्वळ समजण्यापुरते) लाल रेषेची पातळी ५४४.२० आहे आणि तुमची जमीन ५४२.०० वर आहे. ५४४.२० अधिक ०.४५ म्हणजे जोतं ५४४.६५ ला. जमिनीपासून २.६५ मीटर, म्हणजे पावणेनऊ फूट वर. तुमचा "तळमजला" हा प्रत्यक्षात पहिला मजला झाला. खाली मोकळे खांब, गाडी लावायची जागा आणि वर जायला सोळा-सतरा पायऱ्या. घर आई-वडिलांसाठी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी सांगतोय. दहा वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले की या पायऱ्या रोजच्या होतात. लिफ्ट बसवता येईल, पण तिचा खालचा खड्डा पुरात भरणारच. म्हणजे मोटर आणि कंट्रोल पॅनेल वर घ्यायचं आणि पाण्याचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची.

या हिशोबावर एजंटचा गुडघाही तपासता येतो. लाल रेषा जमिनीपासून सात फुटांवर दाखवली आहे आणि २०१९ चं पाणी मात्र दीड फूट होतं, हे अशक्य नाही, पण तो गुडघा कुणी, कुठं उभं राहून मोजला हे विचारायला हवं. त्या वर्षी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या खुणा असतात. काहींनी रंगानं रेघ मारून ठेवलेली असते, काही ठिकाणी ओल अजून दिसते. त्या खुणेची आरएल तुमच्या सर्व्हेअरला काढायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय शेजारच्या एखाद्या वयस्कर बाईंना विचारा, "पुलावर किती फूट झालं की गल्लीत पाणी येतं?" सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रोडच्या बाजूला कुणालाही विचारा, उत्तर फुटात मिळतं. मी आजवर बघितलेल्या कितीतरी कंटूर (जमिनीचे चढ-उतार दाखवणाऱ्या) नकाशांपेक्षा हे उत्तर जास्त खरं निघालंय.

मात्र एक घोळ करू नका. पुलावरचे फूट हे त्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात. "धोका पातळी ४५ फूट" याचा तुमच्या जोत्याच्या फुटांशी थेट संबंध नाही.

लेव्हलच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक मी स्वतःच्या कामात एकदा केली आहे. सर्व्हेअरनं प्लॉटच्या कोपऱ्यावरचा दगड १००.०० धरून लेव्हल घेतल्या होत्या. लहान कामात सगळेच तसं करतात, आणि एरवी त्यानं बिघडतही नाही. नंतर त्या समुद्रसपाटीच्या पातळीशी जोडताना संदर्भ म्हणून त्यानं रस्त्यालगतचं एक जुनं चिन्ह घेतलं. मधे रस्त्याचं काम झालं होतं आणि ते चिन्ह हललं होतं. नकाशा मंजूर झाला, पाया भरला, आणि जोते तपासणीला ४० सेंटिमीटरचा फरक निघाला. कॉलम वर गेलेले नव्हते म्हणून निभावलं, तरी डिझाइन बदलावं लागलं आणि मालकाचे दोन महिने गेले. तेव्हापासून मी एकाच चिन्हावर काम करत नाही. दोन वेगवेगळ्या पक्क्या बेंचमार्कवरून (पातळी आधीच माहीत असलेल्या चिन्हांवरून) लेव्हल आणायची आणि दोन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. पूररेषेचा नकाशा बनवताना खात्यानं जे बेंचमार्क वापरले, त्यांपैकी एक मिळाला तर उत्तम. नदीच्या नकाशावर ठरावीक अंतरानं पात्राचे आडवे छेद घेतलेले असतात आणि प्रत्येक छेदाला निळी-लाल पातळी लिहिलेली असते. तुमचा प्लॉट बहुधा दोन छेदांच्या मधे येईल. नदीला उतार असतो, म्हणून दोन्हींच्या मधली पातळी काढावी लागते. वरच्या छेदाची धरली तर तुमचा खर्च विनाकारण वाढतो, खालच्या छेदाची धरली तर अर्ज परत येतो.

मागच्या कोपऱ्याला निळी रेषा "चाटून जाते" हेही मोजणी नकाशावर उतरवून बघा. विकास आराखड्यावरची रेघ बारीक दिसते, पण त्या नकाशाच्या प्रमाणावर तिची जाडीच काही मीटर भरते. मोबाइलवर आराखडा मोठा करून "आपण बाहेर आहोत" असं ठरवणारे ग्राहक महिन्याला एक तरी येतात. मागच्या बाजूला ओढा असेल तर विशेष लक्ष द्या. आपल्याकडे पाणी बहुतेक वेळा नदीच्या बाजूनं येतच नाही. नदी फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरतं आणि वस्तीत मागच्या दारानं शिरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याकाठच्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

कागदांचा क्रम मी असा ठेवतो. आधी महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा. त्यावर पूररेषा दाखवली असेल तर तसा उल्लेख येतो. सातबारा किंवा सिटी सर्व्हे उतारा आणि सरकारी मोजणीचा नकाशा मालकाकडे असायलाच हवा. नसेल तर मोजणीचा अर्ज मालकानं करायचा, तुम्ही नाही. मग कंटूर सर्व्हे. हे सगळं जोडून पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज: या प्लॉटसमोर निळ्या आणि लाल रेषेची पातळी किती आहे ते लेखी कळवावं. हा कागद महिन्याभरात येईल असं धरू नका. तो हातात आल्यावरच आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा काढून घ्या आणि ऑनलाइन प्रणालीत बांधकाम परवानगीचा अर्ज टाका. पुढे आरंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. परवानगी मिळाली की लगेच कामाला लागा. तिची मुदत एक वर्षाची असते, तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागतं.

यातल्या जोते तपासणीकडे लोक सही घेण्याचा उपचार म्हणून बघतात. पूररेषेतल्या घराला तीच खरी परीक्षा आहे. त्या दिवशी साइटवर स्वतः हजर राहा, लेव्हल मशीन लावून घ्या आणि आकडा लिहून घ्या.

निळ्या रेषेच्या आत ज्यांचं आधीच अधिकृत घर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. जुनं अधिकृत बांधकाम पाडून पुन्हा बांधायला, लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर आणि पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीसह, परवानगी मिळू शकते. इथं सगळा भार 'अधिकृत' या शब्दावर आहे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, नमुना ८, लाइट बिल, यांनी घर अधिकृत ठरत नाही. कर भरला एवढंच ठरतं. आणि "नंतर नियमित करून घेऊ" हा मार्ग निळ्या रेषेत नाही. अनधिकृत बांधकामं तडजोड शुल्क भरून नियमित करण्याचे २०१७ चे नियम निळ्या रेषेतल्या बांधकामांना लागू होत नाहीत.

खरेदीखत नोंदवलं गेलं म्हणजे सगळं ठीक, असाही एक समज आहे. दुय्यम निबंधक पूररेषा तपासत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेत लोकांनी प्लॉट घेतले, बंगले बांधले, राहायला गेले. राष्ट्रीय हरित लवादाचा पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला, आणि मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तिथले ३६ बंगले जमीनदोस्त केले. त्या लोकांकडेही खरेदीखतं होतीच.

रेषा सरकेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण एजंट लवकरच तो मुद्दा काढेल. सरकते. खात्यानं सुधारली की नियमावलीतही ती आपोआप सुधारलेली धरली जाते. पण ती तुमच्या फायद्याच्याच बाजूला सरकेल, हे कशावरून? मोठा पूर येऊन गेल्यावर नव्यानं सर्वेक्षण होतं तेव्हा पातळी खाली जाण्यापेक्षा वर जाण्याचीच शक्यता जास्त. चिपळूणला वाशिष्ठीच्या रेषा आखल्यावर शहराचा केवढा भाग आत जातो यावरून किती ओरड झाली, ते आठवा. म्हणून पातळीचा कागद तारखेसह घ्या आणि परवानगीच्या फाइलला जोडा.

आता बांधकामाबद्दल, कारण मंजूर नकाशात या गोष्टी बहुतेक नसतात. जोतं वर घ्यायला भराव टाकू नका, खांबांवर घर उचला. भराव टाकलात की तुमच्या प्लॉटवरचं पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जातं. हा भांडणाचा विषय आहेच, शिवाय काळ्या मातीवरचा भराव पूर ओसरताना खचतो. पाया काळी माती ओलांडून कडक मुरमावर किंवा खडकावर न्या. खालचा मजला खरोखर मोकळा ठेवा. चार वर्षांनी तिथं एक खोली, एक दुकान काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो नियमानं चालत नाही आणि पाण्यालाही आवडत नाही: भिंतीच्या एका बाजूला मीटरभर पाणी चढलं आणि दुसरी बाजू कोरडी असली की तळाशी चौरस मीटरला एक टनाचा दाब येतो, आणि साडेचार इंची विटांची भिंत आडवी होते. कंपाउंडची भिंत असेल तर खाली पाण्याला वाटा ठेवा, नाहीतर जाळी लावा.

वीजमीटर आणि मेन बोर्ड जोत्याच्या वर. जमिनीखाली पाण्याची टाकी शक्यतो नकोच; रिकामी असताना पाणी चढलं तर ती खालून उचलली जाते. सेप्टिक टँकच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावा. हजार-दोन हजारांचा हा भाग ज्यांनी लावला नाही, त्यांच्या घरात पूर संडासाच्या भांड्यातून वर आलेला मी बघितला आहे, तेही रस्त्यावर पाणी यायच्या आधी.

विमा घ्या. २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. घरातल्या सामानाचं संरक्षण त्यात आहे का, ते वाचून घ्या.

तर सौद्याचं. आज इसार देऊ नका. मालकाला सांगा, कंटूरचा आणि लेव्हलचा खर्च माझा, मला महिना-दीड महिना द्या. तो थांबायला तयार नसेल आणि प्लॉट हातचा जाईल असं वाटत असेल, तर इसारपावतीत एक अट घाला: पाटबंधारे विभागाच्या लेखी पातळीनुसार आणि महापालिकेच्या नियमांनुसार या जागेवर रहिवासी बांधकामाला परवानगी मिळत नसल्यास इसार पूर्ण परत. या अटीला नकार देणारा मालक बहुधा उत्तर आधीच जाणून असतो.

आकडा हातात आल्यावर माझा हिशोब असा. जोतं जमिनीपासून चार फुटांच्या आत बसत असेल तर बिनधास्त घ्या. आठ-नऊ फूट निघाले तर खांब, जिना आणि लिफ्टचा खर्च काढा, तो प्लॉटच्या किमतीतून कमी करून मागा, आणि आई-वडिलांना एकदा तेवढ्या पायऱ्यांच्या कुणाच्या तरी घरी चहाला घेऊन जा. बारा फुटांच्या पुढे गेला तर मी स्वतःच्या आई-वडिलांसाठी तो प्लॉट घेतला नसता.